बेडकाचे औषध आणि मनाचा भार

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या जंगलात झाडांवर राहणारा एक मोठा हिरवा बेडूक आहे. त्याच्या कातडीतून पाझरणाऱ्या स्रावाला ‘कांबो’ म्हणतात. मनावरचे ओझे उतरवणारे औषध म्हणून आज त्याचा बोलबाला पार युरोप-ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आहे. आपल्याकडचे परदेशी राहणारे लोकही त्याविषयी मला विचारू लागले, म्हणून हा विषय.

पेरू-ब्राझील सीमेवरील मात्सेस, काटुकीना आदी जमाती हा स्राव पूर्वापार वापरतात. बेडकाचे चारही पाय ताणून बांधतात, तो चिडला की अंगावर आलेला स्राव काडीने खरवडून घेतात आणि बेडकाला सोडून देतात. घेणाऱ्याच्या दंडावर किंवा छातीवर पेटत्या काडीचे बारीक चटके देऊन वरची कातडी काढतात आणि तेथे तो वाळलेला स्राव ओला करून लावतात. थोड्याच वेळात छाती धडधडते, चेहरा सुजतो, ओकाऱ्या सुरू होतात. साधारण अर्ध्या तासात जोर ओसरतो.

हे सारे कशासाठी? शिकार साधत नाही, अंगात आळस भरला आहे, नशीब फिरले आहे, यासाठी! फ्रेंच पाद्री तास्तव्हँ यांनी १९२५ मध्ये या प्रथेविषयी लिहिले होते. जुने दुःख धुऊन काढण्याचा अर्थ तिला जोडला गेला तो बहुतांशी नंतर, शहरांत.

माझा एक जुना रुग्ण परदेशी नोकरीला असतो. वडील गेल्यापासून तो खचला होता. पेरूतील एका शिबिरात त्याने हे तीनदा घेतले. सुट्टीत गावी आला तेव्हा दंडावरचे गोल डाग दाखवून म्हणाला, “डॉक्टर, ओकारीबरोबर रडू फुटलं. बाबा गेल्यापासून रडलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कापसासारखं हलकं झालं होतं.”

त्याला मी खोटे ठरवणार नाही. इटालियन शास्त्रज्ञ एर्स्पामर यांनी अशा बेडकांच्या कातडीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांतील काही द्रव्ये आतडी ढवळतात, काही रक्तदाब खाली आणतात, तर काही मॉर्फिनपेक्षाही जोरदार वेदनाशामक आहेत. शिवाय जिवावरचा प्रसंग टळल्याची सुटका वेगळी, आणि कोणी पाठीवर हात ठेवून शेजारी बसले होते हे तर त्याहून मोठे. तेव्हा हलके वाटणारच. पण हलके वाटणे म्हणजे आजार गेला असे नव्हे. निराशेचा आजार यामुळे बरा होतो, असा भक्कम पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही.

“आपल्या पंचकर्मातही वमन आहेच की,” असे कोणी म्हणेल. आहे; पण तेथे वैद्य आधी नाडी, बळ, वय पाहतो, स्नेहन-स्वेदनाने शरीर तयार करतो. बेडकाच्या विषाची मात्रा मोजायला काय आहे? काडीवर किती स्राव, हे अंदाजपंचेच.

या विधीपूर्वी पुष्कळ पाणी पाजतात. त्याने रक्तातील मीठ धोकादायकरीत्या उतरल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात कांबो घेतल्यावर एक महिला दगावली. २०२१ मध्ये तेथे त्यावर बंदी आली. खुद्द ब्राझीलने २००४ मध्येच त्याच्या औषधी गुणांच्या जाहिराती बंद केल्या.

मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. “शरीर शुद्ध झालं” म्हणून आमच्या या गृहस्थाने मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या परस्पर सोडल्या होत्या! महिन्याभरात झोप उडाली, चक्कर येऊ लागली, आणि वडिलांची आठवण पुन्हा छातीवर येऊन बसली. मग गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि दर आठवड्याला तासभर कोणाशी तरी मोकळेपणी बोलायचे ठरले. त्याचे रडू आता ओकारीशिवायही येते.

एवढे ऐकूनही कोणाला जायचेच असेल, तर हृदयविकार, फिट्स, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्या वाटेला अजिबात जाऊ नये. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना न विचारता एकही गोळी बंद करू नये.