तिशी आली? ग्लोव्हज घाला!

‘आता काय यार, तिशी आली!’ कँटीनमध्ये कटिंग मारताना आपला हा ठरलेला डायलॉग. मग कौर सिंग यांची गोष्ट ऐकाच. पंजाबातला हा शेतकरी गडी १९७१ मध्ये लष्करात भरती झाला. बॉक्सिंग सुरू केलं ते थेट १९७७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर! आणि १९८० मध्ये दिल्लीच्या रिंगमध्ये समोर कोण? साक्षात मुहम्मद अली! लढत प्रदर्शनीय होती, पण समोर अली होता ना! १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं गोल्डही त्यांचंच.

पुढचं मात्र फिल्मी नाही. २०१७ मध्ये आजारपणात त्यांना उपचारांसाठी कर्ज काढावं लागलं. बातमी आल्यावर लष्कर मदतीला धावलं. २०२३ मध्ये ते गेले.

आज लष्कर पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये शाळकरी पोरांपासूनच खेळाडू घडवतं. एकोणतिशीच्या नवख्या जवानाला तिथल्या बॉक्सर्सशी टक्कर देणं कठीणच. पण ऑफिस सुटल्यावर जिमची पायरी चढायला आपल्याला कुठे ट्रायल द्यायचीय? मेडल मिळेल याची गॅरंटी नाही, मिळालं तरी बिलं भागतील याचीही नाही. पण ‘तिशी आली’ हे कारण आजपासून बाद!