लॉबीतलं मशीन आणि दोन वाजताचा चहा

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. आमच्याकडे सभा म्हणजे आधी कोरम भरायची वाट बघायची, मग पार्किंगवरून भांडायचं, आणि पोटात कावळे ओरडायला लागले की उरलेले सगळे विषय हात वर करून मंजूर करून टाकायचे. या वेळी मात्र शेवटच्या विषयाने पार्किंगलाही मागे टाकलं. विषय होता, 'ए विंगच्या लॉबीत व्हेंडिंग मशीन बसवण्याबाबत विचार करणे'.

तर झालं असं, की एका कंपनीचा माणूस येऊन सेक्रेटरींना भेटून गेला होता. काचेचं कपाट असावं तसं मशीन, आत चिप्स, बिस्किटं, चॉकलेटं, गार पेयं. मोबाईलने कोड स्कॅन करायचा, पैसे गेले की आतली स्प्रिंग एक गिरकी घेते आणि पाकीट खाली पडतं. माल भरणं, दुरुस्ती, सगळं कंपनीकडे. सोसायटीने फक्त जागा आणि विजेचं कनेक्शन द्यायचं, विजेसाठी वेगळा सबमीटर. बदल्यात सोसायटीला महिना ३,००० रुपये भाडं.

आमचे फ्लॅट ११२. म्हणजे घरटी सत्तावीस रुपयेसुद्धा नाहीत. त्यातही बी विंगमधल्या सीए काकांनी उठून सांगितलं, की सभासदांनी एकमेकांसाठी जमवलेल्या पैशावर कर लागत नाही, पण बाहेरच्या कंपनीकडून येणाऱ्या भाड्यावर लागतो. सत्तावीस रुपयांचे अजून कमी झाले. पण भांडण पैशासाठी नव्हतंच. तरुण मंडळी म्हणाली, रात्री अकराला काही लागलं तर खाली यायचं आणि घ्यायचं, डिलिव्हरीवाल्याची वाट बघायला नको. आया म्हणाल्या, पोरं शाळेच्या बसमधून उतरली की थेट मशीनकडेच जातील. आजोबा मंडळींचं म्हणणं, लॉबीचं रेल्वे स्टेशन करू नका.

खरं सांगते, मी आजोबांच्या बाजूची होते. आणि गंमत म्हणजे स्टेशनवरच्या मशीनचं मला लहानपणी कोण वेड! दादरच्या प्लॅटफॉर्मवर वजनाचं मशीन असायचं. लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे, चाक गरगरायचं, नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट टपकन बाहेर. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आई म्हणायची, वजन घरी बनियाच्या काट्यावर करून आणू. पण तो काटा भविष्य कुठे सांगतो?

यंत्राला पैसे देऊन वस्तू घेण्याची ही हौस फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने असं एक यंत्र वर्णन करून ठेवलंय. नाणं टाकलं की त्याच्या वजनाने आतली दांडी कलायची, झडप उघडायची आणि देवळातलं पवित्र पाणी ठरावीक मापात बाहेर यायचं. नाणं घसरून पडलं की पाणी बंद. आपल्याकडे दिल्लीत मदर डेअरीच्या बूथवर टोकन टाकून सुटं दूध मिळायचं, ते माझ्या मावशीने वर्षानुवर्षं आणलंय. तरीही राहत्या इमारतीत अशी मशीन फारशी आली नाहीत, कारण त्यांना नाणी लागत आणि आपल्याकडे सुट्ट्या पैशांची कायम बोंब. मळक्या नोटा मशीन थुंकून टाकायचं. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि हा प्रश्नच मिटला. म्हणून आता ती आपल्या लॉबीत यायला निघाली आहेत.

सभेत निर्णय काही झाला नाही. पुढच्या महिन्यात विशेष सभा ठेवू, असं ठरलं आणि सगळे जेवायला पळाले. मी कागद गोळा करत मागे राहिले. रात्रपाळीचे वॉचमनकाका खुर्च्या रचत होते. परभणीकडचे आहेत, साठीच्या जवळ आलेले. एकदम म्हणाले, "मॅडम, त्या मशीनमधी चहा भेटंल का हो?"

मी म्हटलं, "चहाचं काही बोलले नाहीत काका. बिस्किटं, कोल्ड्रिंक वगैरे आहे."

"अन् पैसे कसे टाकायचे?"

"मोबाईलने स्कॅन करून."

"माझ्या फोनात नाही ते. पोराच्या फोनात हाय, पण तो गावाकडं ऱ्हातो." मग थोडं हसून म्हणाले, "रात्री दोन-अडीचला लई जड जातं, म्हणून इचारलं."

मी घरी आले ती जरा गप्पच. कारण काकांना ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण त्यांचा चहा बंद करणारी मीच. दोन वर्षांपूर्वी मी कमिटीवर होते. केबिनमध्ये विजेची किटली दिसली. प्लग नव्हताच, वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काड्यापेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली. मी त्याच दिवशी नोटीस लावली, 'केबिनमध्ये कोणतेही विद्युत उपकरण वापरू नये'. नोटीस चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. आग लागली असती तर? पण रात्री आठ ते सकाळी आठ जागणारा माणूस मग चहा कुठून पिणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. ज्यात तीन पिनांचा प्लग नीट बसेल असं एक सॉकेट बसवायला कितीसे पैसे लागले असते? गेटबाहेरच्या शेटचं दुकान दहाला बंद होतं. त्यानंतर काकांकडे घरून आणलेला थर्मास, आणि तो मध्यरात्रीपर्यंत कोमट.

अजून एक गोष्ट मला घरी आल्यावर आठवली. सभेत जो नकाशा फिरवला, त्यात मशीनची जागा म्हणून जी खूण होती, तिथेच काकांची खुर्ची-टेबल असतं. 'वॉचमनची खुर्ची जिन्याखाली सरकवता येईल' असं कोणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. दोन तास आम्ही पोरांचं, म्हाताऱ्यांचं, लॉबीच्या शोभेचं बोललो. त्या मशीनशेजारी रात्रभर जागणाऱ्या एकमेव माणसाला कोणी विचारलं नाही.

माझा भाचा नागोयाला असतो (हे वाचशील तेव्हा आईला फोन कर रे). त्याला विचारलं. जपानात सन २००० च्या सुमारास अशी ५५ लाखांहून जास्त मशीन होती, आता कमी होऊन ४० लाखांच्या घरात आली आहेत. तो म्हणाला, "मावशी, माझ्या बिल्डिंगच्या खाली आहे ना! हिवाळ्यात रात्री कामावरून येताना गरम मक्याच्या सूपचा कॅन घेतो. हातात धरूनच बरं वाटतं." एकाच मशीनमध्ये एका रांगेत गार आणि दुसऱ्या रांगेत गरम. आणि तिथे नाणी चालतात, त्यामुळे खिशात सुटी नाणी असलेला कोणीही घेऊ शकतो. भूकंपासारखं संकट आलं तर काही मशीन पैसे न घेता पाणी देतात म्हणे. थोडक्यात, मशीनमध्ये काय ठेवायचं आणि ते कोणाला मिळायचं हे माणसं ठरवू शकतात. आमच्यासमोर आलेल्या कागदावर मात्र ते कंपनीने आधीच ठरवलेलं होतं आणि आम्ही फक्त हो की नाही यावर भांडत बसलो.

म्हणून माझं मत आता बदललंय. मशीन यावं, पण आपल्या अटींवर.

पहिली अट, त्यात चहा हवा, आणि नाणी चालायला हवीत. नाणी शक्य नसतील तर ऑफिसातून रोख पैसे देऊन भरता येईल असं कार्ड तरी हवं. आपल्याकडे स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका आहेत, सफाईवाले आहेत. दिवसभर या इमारतीत राबणाऱ्यांना जे वापरता येत नाही, ते 'सर्वांच्या सोयीसाठी' आहे असं नोटीसबोर्डावर लिहू नये. एका रांगेत सॅनिटरी पॅड ठेवावेत. शाळा-ऑफिसांत अशी मशीन असतात, मग इमारतीत लाज कसली?

दुसरी, पोरांचं. इथे आयांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. २०२०च्या नियमांप्रमाणे जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. पण शाळेची बस जिथे पोरांना उतरवते त्या आपल्या लॉबीला हा नियम लागू नाही. तो आपणच करायचा. दाणे, चणे, राजगिऱ्याची चिक्की, ताक, दूध एवढं ठेवलं तर कोणी उपाशी मरणार नाही. शिवाय अन्न परवान्याचा नंबर आणि तक्रारीचा फोन मशीनवर ठळक हवा.

तिसरी, शेट. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये याच माणसाने तोंडाला रुमाल बांधून गेटपर्यंत पिशव्या आणून दिल्या होत्या, आणि पैसे मागाहून घेतले होते. मशीनमुळे त्याचा थोडा धंदा जाणार, हे उगाच नाकारू नये. मग मशीनमध्ये माल भरायचं काम त्यालाच देता येईल का, हे कंपनीला विचारायला काय हरकत आहे? फार तर नाही म्हणतील.

चौथी, करार एकाच वर्षाचा, आणि काकांची खुर्ची जिथे आहे तिथेच. मशीन सरकेल जिन्याखाली.

या अटींवर कंपनी भाडं कमी करेल किंवा मुळीच देणार नाही, हे मला कळतं. चहाचं मशीन वेगळं असतं, त्याला पाणी लागतं, रोज साफ करावं लागतं, असंही ते म्हणतील. म्हणू देत. घरटी सत्तावीस रुपये सोडायला आपल्यापैकी कोणाला जड जाईल असं वाटत नाही. तेवढ्याची कोथिंबीर आपल्या फ्रिजमध्ये सडते.

आणि समजा विशेष सभेत मशीनचा ठराव पडला, तर? तर मी दुसरा ठराव मांडणार आहे. केबिनमध्ये इलेक्ट्रिशियनकडून नीट सॉकेट बसवून घ्यायचं आणि आपोआप बंद होणारी किटली ठेवायची. खरं तर यासाठी सभेची वाट बघायचीही गरज नाही, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. उद्या सेक्रेटरींशी बोलते. नोटीस मीच लावली होती, तेव्हा ती काढायची विनंतीही मीच करायला हवी.

तुमच्याकडे आलंय का हो असं मशीन? कोण वापरतं? आणि तुमचे वॉचमन रात्री दोनला चहा कुठे पितात, ते एकदा विचारून बघा. मलाही कळवा.