काकवी, पाट आणि बॅटरीची सायकल

बॅटरीची सायकल म्हटली की आपल्याकडे लोकांना वाटते, बसायचे, मूठ पिळायची आणि निघायचे. युरोपातल्या सायकलीला बहुधा पिळायची मूठच नसते. पॅडल मारले तर मोटर मदत करते, पाय थांबले की तीही थांबते. तिथल्या कायद्याने मोटर अडीचशे वॅटची, आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग झाला की मदत बंद. त्यापुढे जे काही ते आपल्या पायांच्या जोरावर, नाहीतर उताराच्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर आम्ही तीन दिवस अशा सायकलींवर फिरलो हे कळल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला तो, "मग त्यात तुम्ही काय केलं?"

आमचा धाकटा भाऊ मालागा शहरात नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जायचे ठरले, तेव्हा त्याने गाईडसोबतची ही सहल सुचवली. पहिल्या दिवशी नेर्हा गावातून वर फ्रिहिलियानाला जाऊन परत. दुसऱ्या दिवशी नेर्हा ते अल्मुन्येकार. तिसऱ्या दिवशी तिथून सालोब्रेन्या. तीन दिवसांचे मिळून साठ किलोमीटरही होत नाहीत. पण इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. रस्ता प्रत्येक ओढ्याला खाली येतो आणि प्रत्येक टेकाडाला वर चढतो. साध्या सायकलीवर हे काम तरुण आणि सरावाच्या माणसाचेच.

घरात वाद झाला तो आपांवरून. आपा म्हणजे आमच्या थोरल्या भगिनी, वय ६३. शिरोळ तालुक्यात त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली, आणि लसीची पेटी मागे बांधून वर्षानुवर्षे सायकलवरून गावे पालथी घातली. गेली नऊ वर्षे गुडघ्यांमुळे सायकल बंद. नातेवाईक म्हणाले, या वयात, परक्या मुलखात, बाईमाणसाने सायकल कशाला? अकरावीतले आमचे चिरंजीव तर उघडच म्हणाले, "सारखं फुप्पीसाठी थांबावं लागेल." आपांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सायकल मला नवी नाही. दुखणं नवं आहे." डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, गुडघ्याला जिना चढण्यापेक्षा सायकल हलकी, फक्त जोर लावून चढ चढू नका. चढाचा जोर मोटरने घ्यायचा असेल तर हरकत काय, असे आम्ही म्हटले आणि आपांचाही व्हिसा काढला.

गाईड बाई होत्या, तिशीच्या, कामाच्या बाबतीत शिस्तीच्या. पहिला तासभर त्यांनी आम्हाला रस्त्यावर येऊच दिले नाही. एका मोकळ्या पार्किंगमध्ये धडे. ही सायकल वीस-पंचवीस किलोची असते. मदतीच्या तीन-चार पायऱ्या असतात, सर्वांत कमीला 'इको' म्हणतात, सर्वांत जास्तीला 'टर्बो'. उभ्या सायकलवर टर्बो ठेवून पॅडलवर पाय टाकला की ती घोड्यासारखी उसळते. म्हणून चढताना ब्रेक दाबलेला हवा आणि सुरुवात इकोवर. थांबण्याआधी गिअर हलका करून ठेवायचा. खरी भीती चढाची नसून उताराची, कारण वजन जास्त असल्याने थांबायला वेळ लागतो. दोन्ही ब्रेक एकदम, दाबायचे-सोडायचे, सतत धरून ठेवायचे नाहीत, आणि बसणे थोडे मागे. आपांनी हे दोनदा करून दाखवले. आमच्या शाळेत कवायतीचा तास असा घेतला जात नाही, असे मनात येऊन गेले.

वाचक भगिनी कपड्यांचे विचारतीलच. आपांनी तीन दिवस सलवार-कमीजच घातली. ओढणी खांद्यावर मोकळी सोडायची नाही, ती चाकात गेली की संपले. डोक्याला पातळ सुती स्कार्फ घट्ट बांधला आणि त्यावर हेल्मेट. गावाबाहेरच्या रस्त्यावर तिथे हेल्मेट सक्तीचे आहे. सलवारीचा पायचा चेनमध्ये जाऊ नये म्हणून गाईडने पट्टी दिली. कोणी वळून पाहिले नाही. मोटारवालेही सायकलस्वारापासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जातात, तोही तिथला नियमच आहे.

रांगेचा क्रमही त्यांनीच लावला. सर्वांत हळू चालवणारा गाईडच्या लगेच मागे, सर्वांत तरबेज शेवटी. चिरंजीवांना हे रुचले नाही.

फ्रिहिलियाना डोंगराच्या अंगावर, समुद्रापासून तीनशे मीटर उंच. सात किलोमीटरचा चढ आपांनी मधल्या पायरीवर, बोलत-बोलत चढला. बोलत चढता आले पाहिजे, दम लागून बोलणे थांबले तर मदत एक पायरी वाढवा, हा गाईडचा मंत्र. गाव पांढऱ्या घरांचे, गल्ल्या दगडी नक्षीच्या. जुन्या वस्तीच्या भिंतींवर रंगीत फरशांचे फलक लावले आहेत. त्यांवर १५६९ ची हकीकत आहे. बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना स्पेनमध्ये मोरिस्को म्हणत. त्यांनी उठाव केला, वरच्या सुळक्यावर शेवटची लढाई झाली आणि ते हरले. इथल्या मोरिस्कोंना हाकलण्यात आले, आणि १६०९ पासून तर सगळ्या स्पेनमधूनच. ज्या गावाने त्यांना हाकलले तेच आज त्यांची गोष्ट भिंतीवर लावून पाहुण्यांना दाखवते. आम्ही ती वाचून गप्प झालो.

मग जेवायला बसलो तर ताटात वांग्याची भजी आली आणि त्यांवर काळसर पाक. आपांनी बोट लावून चाटले आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर काकवी!" होती काकवीच. या गावात उसाचा रस आटवून काकवी करणारा जुना कारखाना अजून चालू आहे. शिरोळच्या गुऱ्हाळांवर आयुष्य गेलेल्या बाईला भूमध्य समुद्राच्या काठी काकवी भेटली. तिथून पुढे त्यांनी गाईडला प्रश्न विचारायला सुरुवात केली, भाऊ मध्ये दुभाष्या.

ऊस या किनाऱ्यावर अरबांनी आणला. उत्तरेचे गार वारे मागचे डोंगर अडवतात, म्हणून इथे ऊस जगला. साखरेला स्पॅनिशमध्ये 'असूकार' म्हणतात. तो शब्द अरबी 'अस्-सुक्कर'वरून आला, सुक्कर फारसी 'शकर'वरून आणि शकर आपल्या 'शर्करे'वरून. शेताकडेच्या पाटाला ते 'आसेकिया' म्हणतात, अरबीत 'अस्-साकिया'. उर्दूचा तास घेताना ज्या 'साकी'चा अर्थ मुलांना सांगतो, तो याच धातूतला. पाजणारा तो साकी, रानाला पाजणारी ती साकिया. मोटारीतून जाताना हे पाट दिसतही नाहीत. सायकलवर पाण्याचा आवाज ऐकू येतो.

दुसरा दिवस सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत देखणा. मारो गावाजवळच्या घळीवर चार मजली, ३७ कमानींचा जलसेतू आहे. एकोणिसाव्या शतकात तो साखर कारखान्याला पाणी नेण्यासाठी बांधला. पुढे कड्यावरून जुना रस्ता, मोठी वाहतूक आता वरच्या ए-७ महामार्गाने जाते. टेकाडाटेकाडावर टेहळणीचे जुने बुरूज, आणि खाली पाणी इतके नितळ की तळाचे दगड दिसावेत.

चिरंजीवांनी सकाळपासून टर्बो सोडला नव्हता. सेर्रो गोर्दोचा मोठा चढ लागला तेव्हा त्यांच्या बॅटरीची एकच रेघ उरली होती, आपांच्या तीन. गाईडने त्यांना इकोवर आणले. पंचवीस किलोची सायकल इकोवर चढवणे म्हणजे काय ते घामाने कळले. वर पोचल्यावर आपांनी पाण्याची बाटली पुढे केली, बोलल्या काही नाहीत.

त्या मात्र उताराला घाबरल्या. समोर ला एर्रादुराचा घोड्याच्या नालेसारखा उपसागर, आणि रस्ता वळणे घेत खाली जाणारा. आपा उतरून उभ्या राहिल्या. गाईड म्हणाल्या, चालत उतरा, आपल्याला घाई नाही. दोन वळणे आपा सायकल हातात धरून चालल्या. तिसऱ्यापाशी गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा म्हणाल्या, "चालण्यापेक्षा बसलेलं बरं," आणि ब्रेक दाबत-सोडत खालपर्यंत आल्या. मागे सगळी रांग त्यांच्याच वेगाने.

अल्मुन्येकारच्या किनाऱ्यावर अब्दुर्रहमान यांचा पुतळा आहे. अब्बासींनी उमय्या घराण्याची कत्तल केली तेव्हा हा तरुण शामहून निसटला, आफ्रिकेच्या काठाने भटकत राहिला आणि ७५५ साली इथे उतरला. वर्षभरात कुर्तुबा त्याच्या हातात होते. इतिहासाच्या पुस्तकातली ती ओळ आम्ही कितीदा शिकवली असेल, पण ज्या पाण्यातून तो आला ते पाणी इतके शांत असेल असे वाटले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आंब्याच्या बागांमधून गेलो. ऑक्टोबरात झाडाला आंबे! चवीला हापूसच्या जवळपासही नाहीत, पण त्या दिवसांत मिळाले हेच पुष्कळ. आंबा, अव्होकाडो आणि आपल्या सीताफळाचा भाऊबंद चिरिमोया यांनी उसाची जागा घेतली आहे. सालोब्रेन्याजवळचा साखर कारखाना २००६ साली बंद पडला. त्याची चिमणी पाहून आपांनी पहिला प्रश्न केला, "कामगारांचं काय झालं?" कोल्हापूरकडची माणसे बंद कारखाना पाहून हेच विचारणार.

जेवणाचे म्हणाल तर मासळी भरपूर, काडीला लावून भाजलेल्या सार्डिन तर फारच छान. आमटीसारख्या पदार्थांत डुकराचे मांस असू शकते, ते प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे. खर्च थोडा नाही. पण कोणाला जायचेच असेल तर गाईड एका वेळी किती माणसे नेतात आणि पहिला सराव घेतात का, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत.

परतल्यावर आपांनी कोल्हापुरात दोन दुकाने पाहिली. आपल्याकडेही अडीचशे वॅट आणि २५ किलोमीटर वेगाच्या आतल्या सायकलीला नोंदणी-लायसन्स लागत नाही. दोन्हीकडे पिळायच्या मुठीच्याच होत्या. तिसऱ्या दुकानदाराने पॅडलवर मदत देणारी मागवून देतो म्हटले आहे. चेनला पूर्ण कव्हर असले तरच घेईन, असे आपांनी त्याला बजावून ठेवले आहे.