स्वमग्नतेची चाचपणी : आईची साक्ष ऐकणार कोण?

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण मराठी घरांत कौतुकाने उच्चारली जाते. परंतु जे दिसते ते पाहण्याची तयारीही असावी लागते. दीड वर्षाचे मूल हाक मारली तरी वळत नाही, चिऊ-काऊ दाखविण्यासाठी बोट पुढे करीत नाही, भाताचा घास बाहुलीच्या तोंडापाशी नेत नाही, हे प्रथम जाणवते ते आईला. तिने शंका बोलून दाखविली की उत्तर ठरलेले असते : ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ या एका वाक्यापायी कितीतरी कुटुंबांची मोलाची दोन-तीन वर्षे हातची निघून जातात.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा मेंदूच्या विकासातील भेद आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे मांडून त्याची ओळख करून दिली. पुढील दोन दशके मात्र वैद्यकशास्त्राने मातांवर मोठा अन्याय केला. आईच्या मायेचा ओलावा आटला म्हणून मूल आत्ममग्न झाले, असे प्रतिष्ठित तज्ज्ञ सांगत राहिले. मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः अशा मुलाचे पिता असलेले बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये या विचाराला सप्रमाण आव्हान दिले आणि तो हळूहळू मागे पडला. त्या काळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली माता आज प्रमुख साक्षीदार झाली आहे. पालकांना विचारावयाच्या प्रश्नावलींचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.

यांतील सर्वाधिक प्रचलित प्रश्नावली ‘एम-चॅट’. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २०१४ च्या सुधारित आवृत्तीत २० प्रश्न असून ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच. तुम्ही बोटाने दाखविलेल्या वस्तूकडे मूल पाहते का? नावाने हाक मारल्यास प्रतिसाद देते का? तुम्ही हसलात तर हसते का? खोटे खोटे खेळते का? मूल बहिरे असावे, असे तुमच्या मनात कधी आले का? प्रत्येक घराला उत्तर देता येईल असे हे प्रश्न. शंकास्पद उत्तरे दोनपर्यंत असतील तर धोका कमी. तीन ते सात असतील तर त्याच प्रश्नांवर सविस्तर फेरविचारणा. आठ वा अधिक असतील तर मुलाला थेट तज्ज्ञांकडे पाठवावे, अशी तिची रीत आहे.

मात्र ही चाचपणी आहे, निदान नव्हे. हा भेद विसरला की दोन्ही बाजूंनी अनर्थ ओढवतो. २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात दोन्ही टप्प्यांत शंकास्पद ठरलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच स्वमग्नता आढळली. परंतु जवळपास ९५ टक्क्यांच्या बाबतीत विकासाविषयी काही ना काही चिंता होतीच. याउलट, २०१९ मध्ये फिलाडेल्फियातील सुमारे २६ हजार मुलांच्या पाहणीत असे दिसले की, पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्यांपैकी जेमतेम ३९ टक्के मुलेच या प्रश्नावलीने आधी हेरली होती. तात्पर्य, ‘शंकास्पद’ हा शब्द ऐकून आकाश कोसळल्यासारखे वागू नये आणि ‘ठीक आहे’ हे ऐकून पुढील निरीक्षण थांबवू नये.

आपल्याकडे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. या प्रश्नावलीत तीन प्रश्नांचे ‘होय’ हे उत्तर शंकेचे, तर उरलेल्या सतरांचे ‘नाही’ हे. घाईघाईत केलेल्या भाषांतरात हा उलटसुलटपणा हरवला तर निष्कर्षच फिरतो. ‘कल्पित खेळ’ असा बोजड शब्द वापरून विचारले तर आजी गोंधळेल. ‘भातुकली खेळतो का, रिकाम्या कपातून चहा पितो का’ असे विचारले तर क्षणात सांगेल. आणि आई-वडील दोघेही नोकरीला जात असतील, तर दिवसभर मूल सांभाळणाऱ्या आजीला किंवा पाळणाघरातील ताईंना विचारल्यावाचून उत्तर पूर्ण कसे होणार?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. सिकंदराबाद येथील मनोविकलांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी तयार केली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीत स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला स्वतंत्र स्थान दिले. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. प्रश्नावली भरून घ्यायची आणि तज्ज्ञांच्या भेटीसाठी महिनोन्महिने तिष्ठत ठेवायचे, हा त्या कुटुंबाचा छळच नव्हे काय?

येथे गोव्यातील उदाहरण मार्गदर्शक ठरावे. तेथे आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकविली. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. तज्ज्ञांची वाण असलेल्या देशात ही वाट चालण्याजोगी आहे.

अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या शिक्षिका, वस्तीत घरोघरी जाणारे कार्यकर्ते यांना हे वीस प्रश्न योग्य रीतीने विचारण्याचे शिक्षण मिळाले आणि त्यापुढील आधाराची साखळी उभी राहिली, तर पुष्कळ साधेल. उरलेले काम कुटुंबाचे. आई जेव्हा म्हणते, ‘याचे काहीतरी वेगळे आहे’, तेव्हा तिला गप्प न करता सासू-सासऱ्यांनी, पतीने तिच्यासोबत दवाखान्याची पायरी चढावी. शंका फोल ठरली तर एक दिवस वाया जाईल. खरी ठरली तर मुलाची काही वर्षे वाचतील.