निवृत्तीचा खोडवा



लागणीचा ऊस तुटला म्हणजे रान संपलं, असं आपल्यापैकी कोणी समजत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत दाबतो, नांग्या भरतो, खत देतो आणि खोडवा धरतो. मग नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसालाच आपण ‘आता पारावर बसा’ असं का सांगतो, हा आमचा सवाल आहे.

सिरसाळ्यातले आमच्या ओळखीचे एक गुरुजी ५८व्या वर्षी सेवानिवृत्त झाले आणि ऊसतोडीला जाणाऱ्या एका घरावर कादंबरी लिहायला बसले. ही गोष्ट बाजारच्या दिवशी कळाली अन् हशा पिकला. ‘गुरुजी, ह्या वयात कादंबरी? त्यापेक्षा बांध बघा!’ हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे इथं कबूल करतो. आमचं चुकलं.

खानदेशातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली, त्यांच्या पंचविशीत आली. पण शेतकरी घराण्याची मोठी कहाणी सांगणारी ‘हिंदू’ २०१० साली आली, तेव्हा ते प्राध्यापकीतून निवृत्त होऊन ७२ वर्षांचे झाले होते. कोणी म्हणेल, त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. बरं, मग अमेरिकेतल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं बघा. मिसुरी राज्यात शेती करणारी, कोंबड्या पाळणारी ही बाई आपल्या या पत्रिकेसारख्याच शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकात लिहीत असे. तिचं पहिलं पुस्तक १९३२ साली निघालं, वयाच्या ६५व्या वर्षी. त्यात काय होतं? तिच्या लहानपणचं घर अन् रान, तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

आमच्या गुरुजींनी काय कमी पाहिलंय? दसरा-दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. लेकरं, शेरडं, भांडीकुंडी घेऊन बिऱ्हाड थळावर जातं अन् कोपी घालतं. हजेरीपटावरची ही गैरहजेरी गुरुजींनी सारी नोकरीभर स्वतःच्या हातानं मांडली. ती पोरं पुढं कुठं गेली, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

आपल्या उसाला कोयता लावणाऱ्यांची ही गोष्ट आहे. ती आपल्याला सोयीची असेलच असं नाही. एखाद्या पानावर आपण बागायतदारही उघडे पडू. तरी ती लिहिली गेली पाहिजे. आपल्याकडच्या माणसांनी लिहिली नाही, तर लांबून पाहून जाणारा कोणी लिहील, नाहीतर ती गुरुजींबरोबरच संपेल.

मात्र खोडव्याला मशागत लागते. आपोआप येईल म्हणून सोडलेला खोडवा गवतात जातो. रोज एक पान लिहिलं तर गळिताच्या चार महिन्यांत सव्वाशे पानं होतात. लहर लागेल तेव्हा लिहायचं म्हटलं तर चार वर्षांतही होत नाहीत. दुसरं, लिहिलेलं आधी एखाद्या तोडणीवाल्या बाईला वाचून दाखवावं. खोटं असेल ते ती तिथल्या तिथं सांगेल. आणि तिसरं महत्त्वाचं: फंडाचे अन् ग्रॅच्युइटीचे पैसे छपाईत घालू नयेत. पदरच्या पैशानं हजार प्रती काढायच्या अन् त्या माळवदाखाली उंदरांनी खायच्या, हा धंदा बरा नव्हे. प्रकाशक पाच ठिकाणी नाही म्हणेल; सहाव्या ठिकाणी पाठवावं. कादंबरीवर घर चालत नाही. घर पेन्शनीवर चालू द्यावं.

घरच्यांनाही एक विनंती. दोन तास त्यांना हाक मारू नका. डेअरीला दूध नातू घालून येईल.

गुरुजींकडून आम्ही पहिली पानं वाचायला मागून घेतली आहेत. ‘पुन्हा हसणार नसाल तर देतो,’ म्हणाले. हसणार नाही, असा शब्द दिलाय.