दोष कूलरचा की पुरवठादाराचा?

उन्हाळा लागला की विदर्भातील वृत्तपत्रांत दोन मजकूर नेमाने छापून येतात. कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून कोणी दगावल्याची बातमी हा पहिला. दुसरा असतो वीज वितरण कंपनीचे ग्राहकांना आवाहन : पाणी भरताना प्लग काढा, ओल्या हाताने कूलरला स्पर्श करू नका, थ्री पिन प्लग वापरा, घराचे अर्थिंग तपासून घ्या. सल्ला खोटा नाही. परंतु हे दोन मजकूर शेजारी शेजारी वाचले म्हणजे असा ग्रह होतो की, मेलेला माणूस आवाहन न वाचल्यामुळे मेला. हा ग्रह कोणाच्या सोयीचा आहे, हे पाहिले पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. चिंतामणीच्या दर्शनासाठी तेथे दुरून माणसे येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून रेल्वेही कळंबपर्यंत आली. अशा गावांच्या जुन्या वस्तीत कवेलूच्या, मातीच्या भिंतींच्या घरांत वीज शिरली ती दिव्यापुरती. लाकडी पट्टीवरून दोन तारा आल्या, एक फेज आणि एक न्यूट्रल. त्या काळी एवढे पुरे होते, कारण दिव्याला आणि छताच्या पंख्याला सहसा कोणी हात लावीत नाही. मग घरात लोखंडी पत्र्याचा कूलर आला, फ्रिज आला, पाण्याची मोटर आली. तारा मात्र दोनच राहिल्या. फळीवर तीन छिद्रांचा सॉकेट बसला आणि तिसऱ्या छिद्रामागे काहीच जोडले गेले नाही. कोठे वायरमनने ते छिद्र न्यूट्रललाच जोडून दिले. हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे, कारण खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला की कूलरचा सबंध पत्रा फेजवर येतो. कोठे तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. पुढे तो पाइप बदलून प्लास्टिकचा आला. तार तशीच लोंबते.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत जुन्या घरांसाठी एक तरतूद आहे. भूसंपर्क नसलेल्या जागी तीन छिद्रांचा सॉकेट लावायचा, तर त्याला गळतीरक्षक उपकरण हवे आणि त्यावर ‘येथे अर्थ नाही’ अशा आशयाची चिठ्ठी हवी. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही खोट्या तिसऱ्या छिद्राला खोटे म्हणावे लागते. आपल्याकडे ते छिद्रच सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ठरते.

आता थोडे गणित. पुरवठा २३० व्होल्टचा. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा विरोध सुमारे १,००० ओहम धरला, तर त्याच्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. माणूस मरण्यास याच्या काही अंशाइतका प्रवाह पुरतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला मात्र त्याची दखलही नसते. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. अर्थची तार असेल आणि तिच्या खड्ड्याचा विरोध १० ओहम असेल, तर पत्र्याला फेज लागताच २३ अँपिअर वाहतात आणि फ्यूज उडतो. पण तोच खड्डा सुकून विरोध १०० ओहमवर गेला, तर २.३ अँपिअरच वाहतात, फ्यूज शाबूत राहतो आणि पत्रा जिवंत राहतो. आणि खड्डा सुकतो केव्हा? वैशाखात, जेव्हा काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि घराघरांत कूलर चालू असतो, नेमका तेव्हा. म्हणजे खड्डा खणून कोळसा-मीठ घातले की काम संपले, असे नाही. त्याला पाणी घालावे लागते, मोजमाप करावे लागते, वर्षानुवर्षे देखभाल करावी लागते. ही देखभाल कोणाची, हाच खरा प्रश्न आहे.

कायद्याने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ३३ व्या नियमाने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जेथे सुरू होतो तेथे, हात पोचेल असे भूसंपर्काचे टर्मिनल पुरविण्याचे आणि ते सुस्थितीत राखण्याचे कर्तव्य पुरवठादारावर टाकले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली नवे सुरक्षा विनियम केले, त्यांतही १६ व्या विनियमाने तेच सांगितले. २५० व्होल्टच्या वरच्या जोडणीसाठी ग्राहकाने स्वतःचाही भूसंपर्क करावा, अशी जोड त्याला आहे. साधी घरगुती जोडणी या जोडीत येत नाही. राज्य वीज मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन कंपन्या झाल्या, पण कर्तव्याचे विभाजन झाले नाही. ते वितरण कंपनीकडे आले. मग ‘घराचे अर्थिंग तपासून घ्या’ असे ग्राहकाला सांगणारे आवाहन अर्धेच ठरते. आम्ही दिलेले टर्मिनल कोठे आहे आणि ते शेवटचे कधी तपासले, हे उरलेले अर्धे वाक्य त्यात कधी नसते.

यावर म्हटले जाईल की, मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची आहे. खरे आहे. सॉकेटपर्यंत तिसरी तार नेणे हे घरमालकाचेच काम. पण ती तार नेऊन जोडायची कशाला? टोकाला टर्मिनलच नसेल तर गरिबाने केलेला खर्च भिंतीत गाडला जातो. दुसरा आक्षेप पैशाचा. १९५६ च्या त्या नियमानेच टर्मिनल बसविण्याचा खर्च ग्राहकाकडून वसूल करण्याची मुभा पुरवठादाराला दिली होती. तेव्हा तोट्याचे रडगाणे येथे अप्रस्तुत आहे. हप्त्यांनी वसूल करावा, आणि ज्याला तेही झेपत नाही त्याचा भार शासनाने उचलावा. दहा घरांच्या ओळीत दहा कच्चे खड्डे खणण्यापेक्षा मोजमाप केलेली सामाईक व्यवस्था शहाणपणाची, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पैसा नाही असेही नाही. केंद्राने २०२१ साली वितरण सुधारणेची ३,०३,७५८ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा गाजावाजा झाला तो स्मार्ट मीटरचा. मीटर कंपनीची वसुली राखतो. २०१७ च्या सौभाग्य योजनेत गरिबाला एक दिवा आणि मोबाइल चार्जिंगची सोय मिळाली, किती जोडण्या दिल्या त्याचे आकडे देशभर ऐकविले गेले. त्यांपैकी किती घरांत भूसंपर्काचे टर्मिनल आहे, हा आकडा कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग छापतो. अलीकडच्या वर्षांत तो दरसाल बारा हजारांच्या वर राहिला आहे. २०१० च्या विनियमांनी गळतीरक्षक उपकरण सक्तीचे केले, तेही ५ किलोवॅटखालच्या लहान घरगुती जोडण्या वगळून. ज्याच्या घरात तिसरी तार असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यालाच सूट! जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच हे उपकरण पुरवठा तोडते. तिसरी तार नसलेल्या घरातही ते जीव वाचवू शकते, आणि त्याची किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास आहे. टर्मिनलला ते पर्याय नाही. तोवरचा आधार आहे.

प्रश्न क्षुल्लक आहे, असे आपल्यापैकीही काहींना वाटेल. गोरेगावच्या नळांचा प्रश्नही मुंबईच्या मोठ्या राजकारणाला क्षुल्लकच वाटला होता; मृणाल गोरे त्यातूनच ‘पाणीवाली बाई’ झाल्या. कळंब तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अक्षय्य तृतीयेची वाट न पाहता, माळ्यावरचे कूलर खाली येण्यापूर्वीच वस्ती-वस्तीत फिरावे. प्रत्येक जुन्या घरापाशी मीटरखाली टर्मिनल आहे की नाही, एवढीच नोंद करावी. नसेल त्या प्रत्येक ग्राहकाचा, ग्राहक क्रमांकासह, टर्मिनलची मागणी करणारा लेखी अर्ज उपविभागीय कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. एक प्रत विद्युत निरीक्षकाकडे जावी. विद्युत अधिनियम, २००३ च्या १६१ व्या कलमाखाली अपघाताची सूचना त्याच्याकडे जाते आणि चौकशीही त्याच्याकडे येते. उद्या एखाद्या घरात धक्का बसलाच, तर कूलर जुना होता की हात ओला होता, यावर चौकशी थांबू नये. त्या घराच्या अर्जाची पोच तिच्यासमोर असावी.