लोभाची गोष्ट पुरे. भरावाचा हिशेब मागा

१/ तिमाही निकालांचे दिवस आले की बांधकाम क्षेत्रातील एखाद्या लहान कंपनीच्या शेअरवरून नवख्या गुंतवणूकदारांत वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, ‘देशात रस्ते, पूल, बंदरे होत आहेत, हा शेअर चढणारच.’ दुसरा पक्ष १८६५ च्या मुंबईचा दाखला देतो आणि म्हणतो, ‘लोभाचे फळ हेच.’ या धाग्यात मला दोघांशीही भांडायचे आहे. १८६५ दोघांनीही नीट वाचलेले नाही.

२/ आधी घटनाक्रम पाहू. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्या मुंबईकडे वळल्या. युद्धकाळात नेहमीच्या उत्पन्नावर मुंबईला जो जादा पैसा मिळाला, तो समकालीनांच्या अंदाजाने ७ कोटी पौंडांहून अधिक होता.

३/ एवढा पैसा तिजोरीत स्वस्थ बसत नाही. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. त्यांतील सर्वांत मानाची कंपनी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत समुद्रात भराव घालायचा, रेल्वेला वाट द्यायची आणि उरलेली जमीन विकायची, असा तिचा बेत होता. आजच्या भाषेत ती शुद्ध बांधकाम कंपनीच होय.

४/ या कंपनीत मुंबई सरकार स्वतः ४०० शेअर घेणार होते. हिंदुस्थान सरकारने परवानगी नाकारली. मग ते शेअर जाहीर लिलावात निघाले. प्रत्येकी ५,००० रुपये भरलेल्या या शेअरवर सरासरी २६,५०० रुपये अधिमूल्य मिळाले, म्हणजे एकूण १ कोटी ६ लाख रुपये. पुढे भाव ५०,००० च्या घरात गेला. समुद्र मात्र जवळपास होता तेथेच होता.

५/ एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा शेअरच्या असंख्य वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्यांच्या हाती केवळ कागद होते. बॅक बेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर उतरला.

६/ येथे पाठ्यपुस्तकी निवाडा ठरलेला आहे: युद्ध संपले, लोभी माणसे बुडाली. माझा पहिला आक्षेप या निवाड्यावर आहे. कापूस पडला तर कापसाचा व्यापारी बुडावा, हे समजते. पण मुंबईच्या किनाऱ्यावर दगडमातीचा भराव घालणाऱ्या कंपनीचे अमेरिकेतील तहाशी काय नाते? हा प्रश्न विचारल्याशिवाय १८६५ समजत नाही.

७/ नाते जोडले होते कर्जाने. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरील जुनी बंधने सैल केली आणि कंपन्यांचे शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली. शेअर तारण ठेवावा, कर्ज घ्यावे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यावे आणि तेही तारण ठेवावे. भाव वाढला की तारणाची किंमत वाढे, तारणाची किंमत वाढली की कर्ज वाढे, आणि कर्ज वाढले की पुन्हा भाव वाढे. कापसाचा पैसा या चक्राला केवळ वंगण होता.

८/ १८६८ मध्ये ही बँक गुंडाळावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्या आयोगाने दोष ठेवला तो या कायद्यावर, बँकेच्या व्यवस्थापनावर आणि संचालकांच्या गाफीलपणावर. संचालकांत सरकारनियुक्त मंडळीही होती. प्रेमचंद रायचंद यांच्या बँकेवरील प्रभावाचीही नोंद झाली. परंतु लोकस्मृतीने ही सारी यंत्रणा पुसून टाकली आणि ‘लोभ’ हा एकच शब्द जपून ठेवला.

९/ हा शब्द सोयीचा आहे म्हणूनच मला तो संशयास्पद वाटतो. सर्वच लोभी असतील तर कोणीच उत्तरदायी नाही. ज्याने तारणाकडे डोळेझाक करून कर्ज दिले तो आणि ज्याने आयुष्याची पुंजी लावली तो, दोघे एकाच पंक्तीत बसतात. लोभ १८५५ मध्येही होता. तेव्हा नसलेली गोष्ट म्हणजे शेअरच्या तारणावर सैल हाताने मिळणारे कर्ज.

१०/ आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. ‘प्रकल्प खरा आहे, म्हणून शेअर चांगला’ असे मानणाऱ्यांनी नीट ऐकावे: बॅक बेचा प्रकल्पही खराच होता! याच उपसागरात आज मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंट उभे आहेत. येथील जमीन सोन्याच्या मोलाची होईल, हे १८६४ च्या खरेदीदाराचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. तरीही तो बुडाला. स्वप्न खरे होणे आणि त्या स्वप्नासाठी मोजलेली किंमत योग्य असणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

११/ उरलेला समुद्रही सहजासहजी हटला नाही. १९२० च्या दशकात सरकारने हीच योजना पुन्हा हाती घेतली. अंदाजपत्रके कोलमडली, आणि आठ भागांपैकी मधले चार सोडून द्यावे लागले. यावेळी मात्र एक माणूस हिशेब मागत उभा राहिला: खुर्शेद फ्रामजी नरिमन. एका अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. सोडलेल्या भागांत पुढे जी जमीन झाली, तिच्या टोकाला आज त्यांचेच नाव आहे.

१२/ नरिमन यांनी भराव चूक आहे की बरोबर एवढाच वाद घातला असता, तर त्यांना कोणी विचारले नसते. काम किती झाले, खर्च किती झाला आणि दोहोंचा मेळ बसतो का, हे त्यांनी विचारले. १८६४ मध्ये असा प्रश्न विचारणाऱ्याला बाजारात कोणी उभे केले नसते, कारण सारा वाद उद्याच्या भावाचा होता.

१३/ म्हणून निकालाच्या दिवशी भांडायचेच असेल तर या प्रश्नांवर भांडा. हाती असलेल्या कामांचा आकडा मोठा आहे, पण पुरे झालेले काम किती? नफा दाखवला आहे, पण रोकड आली का, की ती ‘येणे बाकी’त अडकून पडली आहे? कंपनीचे कर्ज कामापेक्षा वेगाने वाढते आहे का? आणि प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर तारण ठेवले आहेत का? हा शेवटचा प्रश्न थेट १८६५ मधून आला आहे.

१४/ बॅक बे कंपनी मोडली, पण तिच्या खटपटीतून भरून निघालेल्या किनारपट्टीवरून पुढे रेल्वे धावली. चर्चगेटहून चर्नी रोडकडे लोकलने जाल, तेव्हा खिडकीबाहेर जरूर पाहा. जमीन राहिली, कागद गेले. इतिहासाचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या, मित्रहो. अर्धा दाखला ही अफवाच असते. असहमत असाल तर अवश्य लिहा, पण आकड्यांसह.